निवृत्तीची पुंजी: व्याज घटलं, महागाई वाढली तरी

नाशिक रोडच्या प्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीतून निवृत्त झालं की पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात येते, आणि बऱ्याचदा सगळी रक्कम एकाच एफडीत जाते. नुकसान इथेच होतं. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला; त्या सुमारास ज्यांच्या एफडीची मुदत संपली, त्यांना नूतनीकरणाला कमी दर मिळाला. खर्च मात्र थांबत नाही. लासलगावला कांदा उतरला म्हणून औषधांचं बिल उतरत नाही. महागाई ६ टक्के धरली तर महिन्याचे २५ हजार १२ वर्षांत ५० हजार होतात.

म्हणून रक्कम विभागा. समजा ६० लाख आहेत. वर्षाच्या खर्चाचे ३ लाख बचत खात्यात राहू द्या.

२५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. दर ८.२ टक्के असताना दर तिमाहीला ५१,२५० रुपये मिळतात आणि खातं उघडतानाचा दर पाच वर्षं बदलत नाही. मर्यादा माणशी ३० लाख. ५५ ते ६० वयात निवृत्त झालात, तर पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडा.

१२ लाख रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बाँडमध्ये. याचा दर एनएससीपेक्षा (पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा) ०.३५ टक्का जास्त असतो आणि १ जानेवारी व १ जुलैला नव्याने ठरतो. एनएससी ७.७ असेल तर ८.०५. दर वाढले की फायदा इथे होतो. पैसे सात वर्षं अडकतात. साठी ओलांडलेल्यांना सहा वर्षांनी, सत्तरीनंतर पाच आणि ऐंशीनंतर चार वर्षांनी सोडवता येतात. त्यामुळे आजारपणाचा पैसा इथे नको.

१० लाखांच्या दोन-दोन लाखांच्या पाच एफडी करा, एक ते पाच वर्षांच्या. दरवर्षी एक मोकळी होते, ती पुन्हा पाच वर्षांसाठी लावा. ऑटो-रिन्यूअल बंद ठेवा. उरलेले १० लाख इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, वर्षभर हप्त्याहप्त्याने. सात-आठ वर्षं हात लावायचा नाही.

साडेसहा टक्क्यांनी एफडी धरली तर व्याज वर्षाला साधारण ३ लाख ६६ हजार येतं. खर्च ३ लाख. वरचे ६६ हजार खर्चू नका, पुन्हा गुंतवा. महागाईशी सामना याच पैशाने होतो.

अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत मोठी रक्कम ठेवू नका. पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. आणि ते पाच लाख मुद्दल-व्याज मिळून, एका बँकेत एका माणसाला.

ज्येष्ठांच्या योजनेचा दर पुढे वाढला तर जुनं खातं मोडावं का? दोन वर्षं झाल्यावर मुद्दलाच्या १ टक्का कपात होते, म्हणजे २५ लाखांवर २५ हजार. नवा दर अर्धा टक्का जास्त असेल आणि तीन वर्षं उरली असतील, तर ३७,५०० जास्त मिळतात, मोडणं परवडतं. एकच वर्ष उरलं असेल तर नाही.