कानातली शिट्टी आणि कुकरची शिट्टी

दोन वर्षांपूर्वी दोन्ही कानांत रातकिड्यासारखी बारीक शिट्टी सुरू झाली. ती वाढतच गेली. मग भांड्यांचा खणखणाट, कुकर, रिक्षाचा हॉर्न, सगळंच टोचू लागलं. मी दिवसभर कापसाचे बोळे घालून बसायचो आणि तिथेच चुकलं. बाहेरचा आवाज तोडला की मेंदू आतली संवेदना वाढवतो, साधे आवाजही मोठे भासतात, हे ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) समजावलं. ऑडिओग्रॅममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसला, म्हणजे त्या उंच पट्टीतलं कमी ऐकू येत होतं. १२ वर्षं ढोल वाजवल्याची खूण.

बोळे हळूहळू सोडले. रात्री मोबाइलवर पावसाचा आवाज लावायचो, पण शिट्टीपेक्षा किंचित हळू. ती पूर्ण झाकायची नाही, कारण ऐकू आली तरच तिची सवय होते. भांडी आधी दुसऱ्या खोलीतून ऐकली, मग ओट्याजवळ. आई महिनाभर पातेल्यांखाली फडकं घालायची. ते मी विसरणार नाही.

सात महिन्यांनी कुकरजवळ उभा राहिलो. कानातली शिट्टी आहेच, पण झोप लागते. ढोलाजवळ मात्र इअरप्लग घालूनच जातो. अचानक ऐकू येणं कमी झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.