केपा आधी संपायच्या, दारू उरायची

ठासणीच्या बंदुकीचा नियमित सराव असेल तर 'एक बार, एक केप' हा हिशेब चुकतोच (केप म्हणजे घोड्याच्या ठोक्याने फुटून नळीतली बंदुकीची दारू पेटवणारी धातूची छोटी टोपी). ग्वाल्हेरात पावसाचे महिने सोडून वर्षाला 18 सत्रं, प्रत्येकी 20 बार, म्हणजे 360. पण नळी रिकामी असताना निपलमधलं (केप जिच्यावर बसते ती पोकळ खुंटी) तेल जाळायला सत्राच्या सुरुवातीला 2 केपा जातात (नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरावं, पातं हललं की वाट मोकळी), आणि मधे दोनदा नळी पुसल्यावर एकेक. त्या झाल्या 72. फुसक्या आणि हातातून पडलेल्या दहा टक्के धरा, 36. एकूण 468, म्हणजे शंभराच्या 5 डब्या. परवान्यावरची मर्यादा आधी बघा आणि खरेदी त्यात बसवा.

माझ्या फुसक्या याहून बऱ्याच जास्त होत्या, आणि दोष केपांचा नव्हताच. 11 नंबरची केप निपलवर पूर्ण बसत नव्हती. घोड्याचा पहिला ठोका तिला फक्त खाली ढकलायचा, दुसऱ्याला ती फुटायची. केपेला नीट बसणारं निपल घातलं आणि प्रश्न मिटला. हे आधी तपासा, नाहीतर वाढीव खरेदी वायाच. केप सैल असेल तर घोडा चढवताना गळून पडते.

बार न झाल्यास नळी निशाणाकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबायचं, मगच नवी केप.

साठा मूळ डबीतच, कोरड्या जागी, दारूपासून वेगळा ठेवावा. काचेच्या बाटलीत कधीच नको.