सर्व्हर उठत नसेल तर आधी स्क्रीनचा फोटो मागवा

इचलकरंजीत एका सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या) ऑफिसातला सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), टेबलाखाली ठेवलेला, वर हिशेबाच्या वह्यांचा ढीग. परवा सोमवारी पावणेनऊला तिथल्या काकांचा फोन आला, "सर, सर्व्हर बसला. पोरगं म्हणतंय, सगळं पुसून नवीन टाकतो." म्हटलं, "काका, पोराला चहा पाजा आणि स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा फोटो पाठवा. बटण परत परत दाबू नका."

रविवारी वीज गेली होती आणि यूपीएसनं मान टाकली होती. त्याआधी ४०० च्या वर दिवस मशीन बंदच झालं नव्हतं. एवढ्या दिवसांत कोणी काय काय बदलून ठेवलंय, ते सगळं या एका बूटला, म्हणजे मशीन नव्यानं सुरू होताना, बाहेर येणार होतं.

फोटो मागायचा तो गाडी कुठल्या स्टेशनावर अडकलीय हे कळावं म्हणून. आधी फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, म्हणजे बायोस), मग ग्रब (कर्नल निवडून चढवणारा), मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याची इनिटरॅमएफएस (मूळ डिस्क जोडायला लागणाऱ्या फाइलींची पेटी), शेवटी सिस्टमडी (बाकी सगळं चालू करणारा). बूट डिव्हाइस मिळत नाही असं दिसलं तर डिस्कची केबल आणि बायोसमधला बूटचा क्रम बघा. 'ग्रब रेस्क्यू' दिसलं तर ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीयेत. 'इमर्जन्सी मोड' दिसलं तर निम्मा जीव भांड्यात पडू द्या, कारण कर्नल चढलाय, मूळ डिस्क सापडलीय आणि घोटाळा बहुतेक वेळा एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला कुठल्या डिस्का जोडायच्या त्या यादीत असतो.

काकांच्या फोटोत हेच होतं. एक स्टार्ट जॉब एका डिस्कची वाट बघत होता, दीड मिनिटाची मुदत. ती संपली की इमर्जन्सी मोड, आणि त्याखाली रूट (मुख्य ॲडमिन) अकाउंट लॉक आहे, कन्सोल उघडता येत नाही, असा निरोप. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा ठेवला की डेबियन असंच करतं. एंटर दाबा, फिरून तिथंच.

मग मी गाडी काढली. (पुढच्या आज्ञा तोंडी सांगतो तशा लिहिल्यात. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या, सगळी अक्षरं लहान.)

रीस्टार्ट करून ग्रबचा मेनू आला की लगेच बाण दाबायचा, म्हणजे ५ सेकंदांची उलटी गिनती थांबते. मग 'ई' दाबायचं. ऑफिसातल्या कीबोर्डचं नेमकं 'ई' मेलेलं होतं, म्हणून काउंटरवरचा कीबोर्ड आणावा लागला. आता 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यातलं 'क्वाएट' काढा, शेवटी एक जागा सोडून इनिट=/बिन/बॅश लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. पासवर्ड न विचारता थेट रूटचा प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची जागा) येतो. (हो, कोणालाही येतो. म्हणून सर्व्हरच्या खोलीला कुलूप हवं.)

इथं डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / द्या. हे विसरलात तर फाइल उघडेल, पण सेव्ह होणार नाही. मग एलएसबीएलके -एफ चालवून खऱ्या डिस्कांचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) बघा आणि एटसीमधल्या एफएसटॅबशी एकेक ताडून पाहा. मला एका ओळीचा जोडीदार सापडेना. ती बॅकअपच्या यूएसबी डिस्कची होती. डिस्क कोणीतरी कधीच काढून कपाटात ठेवली होती. आणि ती ओळ 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) न लिहिता टाकणारा मीच, दोन वर्षांपूर्वी.

ओळीसमोर # टाकून ती बंद केली, सेव्ह केलं, सिंक आणि मग रीबूट -एफ. या प्रॉम्प्टवर नुसतं रीबूट चालत नाही, कारण तिथं सिस्टमडीच नसतो. मशीन वर आल्यावर ती ओळ परत चालू केली, पण या वेळी पर्यायांत नोफेल आणि एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस घालून. शेवटी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय. एफएसटॅबला हात लावला की हे चालवायचंच, चूक असेल तर पुढच्या बूटची वाट न बघता तिथंच कळते.

बाकीचे दोन प्रकार थोडक्यात. 'अननोन-ब्लॉक' म्हणत कर्नल पॅनिक झाला, तर बहुधा अपडेटच्या वेळी /बूट (कर्नल ठेवायची जागा) भरलं आणि नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस अर्धवट राहिली. ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा, वर या, जागा करा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल चालवा. रेड हॅटच्या घराण्यात हेच काम ड्रॅकट करतं.

बिझीबॉक्सचा (इनिटरॅमएफएसमधल्या छोट्या शेलचा) प्रॉम्प्ट आला आणि हातानं एफएससीके (फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा असं लिहिलेलं असलं, तर मात्र घाई नको. डिस्कच मरायला टेकली असेल तर एफएससीके तिला ढकलून देतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, स्मार्टसीटीएल -ए नं रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब आणि संशयित तुकडे) बघा. आकडे वाढलेले दिसले तर आधी डीडीरेस्क्यूनं दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा. डिस्क ठणठणीत असेल तरच थेट एफएससीके, आणि तोही माउंट न केलेल्या पार्टिशनवर. फाइल सिस्टम एक्सएफएस असेल तर एफएससीके काहीच करत नाही, तिथं एक्सएफएस_रिपेअर.

सायझिंगमधून निघण्याआधी काकांसमोर आणखी दोनदा मुद्दाम रीबूट केलं, एकदा यूएसबी डिस्क लावून, एकदा काढून. दोन्ही वेळा मशीन मुकाट्यानं वर आलं. काउंटरवरचा कीबोर्ड परत नेताना पोरगं विचारत होतं, "सर, नवीन टाकायचं नाही मग?"