मैदानातलं तळं घालवलं, माझा अनुभव
पाऊस पडला की आमच्या मैदानात गोलपोस्टसमोर चार-चार दिवस तळं, आणि निधीसाठीच्या अर्जात आम्ही दरवेळी नुसतं 'मैदान सुधारा' लिहायचो, मग कोण पैसे देणार. शेवटी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो, जमिनीत खुपसून पाहिला, माती इतकी दबलेली की दोन इंचांवर अडला! म्हणजे पाणी मुरणारच कसं, वरून नवीन हिरवळ लावली असती तरी पैसे पाण्यातच. मग तारीखवार फोटो काढले, कुठली टीम किती तास खेळते त्याचा तक्ता केला आणि काम दोन टप्प्यांत मागितलं, आधी माती मोकळी करून दीड टक्का उतार (शंभर फुटांना दीड फूट) नि कडेला चर, लाइट-बाकं नंतर. अर्ज बजेट ठरायच्या आधी दिला, आणि देखभालीचा खर्च वेगळा दाखवला, तो सगळे विसरतात. यंदा पाणी दुसऱ्याच दिवशी ओसरलं. बाकं अजून आली नाहीत.