एमए सायकॉलॉजीचं डेझर्टेशन पुण्यात करताय? आधी प्रश्नावली मराठीत नीट आणा

एमएच्या दुसऱ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट लागला की सगळे विषयाच्या मागे लागतात आणि त्यातच महिना दीड महिना जातो. मी हे सगळं पुण्यात राहून केलंय, नंतर बऱ्याच ज्युनियर्सचं काम वाचलंय, आणि मला ठाम वाटतं की आपल्याकडे डेझर्टेशन विषयामुळे कमी आणि प्रश्नावलीमुळे जास्त फसतं. इंग्रजी स्केल (म्हणजे कुणीतरी आधीच तयार केलेली प्रश्नावली) उचलायचं, एका रात्रीत त्याचं मराठी करायचं, गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सॲपवर सोडायचा, दोनशे जणांनी भरला की खूश. त्या दोनशे जणांना प्रश्न कळला होता का, हे कुणी विचारतच नाही.

विषयाचं थोडक्यात सांगते. दोन, फार तर तीन व्हेरिएबल्स, म्हणजे मोजायच्या गोष्टी, घ्या आणि ज्या लोकांपर्यंत तुम्ही स्वतः चालत जाऊ शकता असा गट घ्या. शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, आधी काय झालंय ते बघा. सॅम्पल किती, म्हणजे किती माणसं घ्यायची, हे अंदाजाने ठरवू नका, त्यासाठीचं जीपॉवर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाका. दोन गटांची तुलना करायची असेल, फरक मध्यम अपेक्षित असेल (डी ०.५), अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ आणि पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात, म्हणजे एकूण १२८. हा आकडा गाईडसमोर ठेवला की "शंभर घे, पुरे" असली चर्चाच होत नाही.

आता स्केल. ते वापरायला परवानगी लागते का, पैसे लागतात का, हे सगळ्यात आधी बघा, कारण काही टेस्ट विकत घ्याव्या लागतात आणि हे सहा महिन्यांनी कळून उपयोग नाही. मराठी रूप आधीच कुणी केलंय का ते शोधा, डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये विचारा, सीनियर्सना विचारा. नसेलच तर स्वतः करा पण रीतसर करा. दोघांनी वेगवेगळं बसून मराठी करायचं, मग एकत्र बसून एक मसुदा ठरवायचा, मग जिने मूळ स्केल पाहिलेलंच नाही अशा तिसरीकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि मूळ वाक्याशी ताडून बघायचं. ब्रिस्लिनने १९७० मध्ये ही बॅक ट्रान्सलेशनची पद्धत मांडली, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे नाव विचारतात.

पण एवढ्यावर थांबू नका. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पाच सहा जणांना समोर बसवून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "यातून तुम्हाला काय कळलं?" मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्या मुलांसोबत हे केलं होतं. गेल्या महिन्यात किती वेळा तणावग्रस्त वाटलं, या प्रश्नाला एका मुलाने सरळ "कधीच नाही" वर खूण केली. मी विचारलं, खरंच कधीच नाही? तर म्हणाला, "तणाव वगैरे नाही ताई, टेन्शन तेवढं रोज असतं. रात्री झोप लागत नाही." त्याच्या लेखी तणाव म्हणजे पेपरात येतो तो, सीमेवरचा किंवा दोन गावांतला, आणि जे त्याला रोज होतं त्याचं नाव टेन्शन. फॉर्म नुसता पाठवला असता तर तो मुलगा माझ्या डेटामध्ये निवांत माणूस म्हणून गेला असता. त्या दिवशी मी वाक्यात "टेन्शन" लिहिलं आणि गाईडला कारण लिहून दिलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

तसंच रोझेनबर्गचं सेल्फ एस्टीम (आत्मसन्मान) स्केल, १९६५ चं, फक्त दहा वाक्यं, वरवर एकदम सोपं. त्यात स्वतःबद्दल अजून आदर वाटायला हवा होता अशा अर्थाचं एक वाक्य आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हो, घरात कुणी मान देतच नाही." अर्थच बदलला ना! इतर भाषांमध्येही हे वाक्य त्रास देतं, तेव्हा त्यावर जास्त वेळ घालवा. पर्यायांचंही बघा, "पूर्णतः असहमत" हे फॉर्मवर बरं दिसतं पण माणूस त्यावर अडखळतो, विशेषतः वाक्यच नकारार्थी असेल तर. "अगदी पटतं, थोडं पटतं, फारसं पटत नाही, अजिबात पटत नाही" असं लिहिलं की लोक भराभर आणि बरोबर भरतात.

उलट्या वाक्यांची (ज्यांना "हो" म्हटलं की गुण कमी धरायचे) यादी स्केल हातात आल्या आल्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रोझेनबर्गमध्ये पाच वाक्यं उलटी आहेत, टेन्शन मोजणाऱ्या पर्सीव्ड स्ट्रेस स्केलच्या दहा प्रश्नांत ४, ५, ७ आणि ८. मी ती रिव्हर्स न करताच, म्हणजे त्यांचे गुण न उलटवताच, क्रॉनबाखचा अल्फा काढला होता (वरचा ०.०५ चा नाही, स्केलची वाक्यं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा), आकडा इतका खाली आला की दोन दिवस मला वाटलं भाषांतरच वाया गेलं. अल्फा ०.७० च्या खाली दिसला की आधी हे तपासा. आणि आकडेमोडीच्या एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी कुठून मिळवायची गरज नाही, जास्प आणि जमोवी दोन्ही फुकट आहेत आणि एमएला लागतं ते सगळं त्यात होतं.

कॅलेंडरचा विचार पुण्यात करावाच लागतो. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये डेटा गोळा करायला जाऊ नका, रस्ते बंद आणि अभ्यासिका अर्ध्या रिकाम्या. दिवाळीत हॉस्टेलं आणि कॉट बेसिसच्या खोल्या ओस पडतात. म्हणून भाषांतर आणि पायलट (थोड्या लोकांवरची चाचणी) गणपतीच्या आधी उरका, खरा डेटा दिवाळीनंतर लगेच सुरू करा. कॉलेजमध्ये जायचं असेल तर लेटरहेडवर पत्र, एचओडींची सही शिक्का, दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायचीच. मला एका ठिकाणी "पत्र मिळालंच नाही" म्हणून तीन आठवडे फिरवलं, पोच असती तर एका दिवसात काम झालं असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पीएचक्यू नाइन ही नैराश्याची प्रश्नावली वापरणार असाल तर त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी गूगल फॉर्मवर तो विचारलात आणि कुणी "जवळजवळ रोज" लिहिलं तर ती व्यक्ती कोण हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून असे प्रश्न समोरासमोर विचारा, पुढे कुणाकडे पाठवायचं हे गाईडशी आधी ठरवून ठेवा, आणि प्रत्येक फॉर्मच्या शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात टाका, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. स्वतः समुपदेशन करायला बसू नका, एमए झालं म्हणून आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि मध्येच सोडून जाता येईल हे त्यात स्पष्ट लिहिलेलं.

रिझल्ट सिग्निफिकंट नाही आला, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो असं निघालं, तर रडू नका आणि सिग्निफिकंट येईपर्यंत फॉर्म वाढवत तर अजिबात बसू नका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० जुने अभ्यास परत करून पाहिले तेव्हा साधारण ३६ टक्क्यांमध्येच सिग्निफिकंट निकाल आला, तेव्हा तुमचा "काही फरक दिसला नाही" हासुद्धा निकालच आहे. हायपोथेसिस (काय दिसेल याचा तुमचा अंदाज) डेटा घ्यायच्या आधी तारीख टाकून ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या वेबसाइटवर ठेवा, नंतर कुणी शंका घेत नाही.

लिहायला मेथडपासून सुरुवात करा, ते ताजं असतं. आणि सबमिशन झालं की ज्या अभ्यासिकेत किंवा सोसायटीत फॉर्म भरून घेतले तिथे एक पान मराठीत लिहून द्या, काय विचारलं होतं, काय दिसलं, कुणाचंही नाव नाही, आकडे दोन तीनच. मी दिलं तेव्हा अभ्यासिकेच्या काकांनी ते पाण्याच्या फिल्टरच्या वर चिकटवलं, आणि मुलं बाटली भरता भरता वाचत होती.