जाड प्लेटमध्ये घासत राहणारा होल सॉ

10 मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या प्लेटला 50 मिमी व्यासाचे भोक पाडताना बायमेटल होल सॉ (कडेला दात असलेली, वाटीच्या आकाराची दुधातूची गोल करवत) थोडा आत उतरला की कापण्याऐवजी नुसता घासू लागे आणि कटिंग ऑइलचा धूर निघे. खरी गोम अशी होती की, खोल चरातून धातूचा कीस बाहेर पडायला वाटच नव्हती. म्हणून कापाच्या चरावर, पण भोकाच्या अंतिम कडेला धक्का न लावता, 5 मिमीचे एक आरपार छिद्र पाडले आणि ड्रिल प्रेसचा वेग सुमारे 170 आरपीएमपर्यंत उतरवला. कीस त्या छिद्रातून खाली गळू लागला, दात पुन्हा धातू धरू लागले. हे काम नेहमीचेच असेल, तर मात्र मॅग्नेटिक ड्रिलवर (चुंबकाने धातूला घट्ट चिकटणाऱ्या ड्रिल यंत्रावर) अ‍ॅन्युलर कटर (फक्त गोल चर कापणारे नळीसारखे पोकळ हत्यार) लावणेच श्रेयस्कर. त्याच्या बाहेरील खाचा कीस वर काढतात आणि मधला गाभा पायलट पिन (कटरच्या मधोमध बसणारी बारीक सळई) ढकलून देते.