शिक्षकी सांभाळून शर्यतीत टिकायचं तर

कॉलेजात क्रॉसकंट्री किंवा पाच-दहा हजार मीटर पळलेली मुलं-मुली बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शाळेत रुजू होतात आणि पहिल्या दोन वर्षांतच त्यांचं स्वतःचं धावणं ढेपाळतं. वेळ मिळत नाही, असं सगळेच सांगतात. वेळेची ओढाताण असतेच, पण त्याहून जास्त नुकसान कॉलेजातलं आठवड्याचं कोष्टक जसंच्या तसं नोकरीत आणल्यानं होतं. तिथं सकाळचा सराव झाला की खोलीवर येऊन, जेवून, दोन तास झोप काढता यायची. इथं प्रार्थनेपासून संध्याकाळच्या मैदानापर्यंत पाच-सहा तास उभ्यानं जातात. पोटऱ्या आणि टाचा दिवसभर काम करतच असतात. म्हणून हे उभं राहणं सरावाच्या हिशोबात धरा. आठवड्याला 80 किलोमीटर पळणाऱ्यानं नोकरीच्या पहिल्या वर्षी 50-55 वर यावं, आणि त्यात कमीपणा मानू नये.

दुसरी गोष्ट वर्षाची. आपल्या बेळगाव भागात निसर्गानं आणि शाळेच्या वेळापत्रकानं मिळून वर्षाचे दोन हंगाम पाडूनच दिलेत, ते मोडायला जाऊ नये. केंद्र, तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि दसऱ्याच्या सुमारास वरच्या फेऱ्यांपर्यंत जातात. तो काळ मुलांचा. रोड रेसना लागणारी थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते. तो काळ तुमचा. जून ते सप्टेंबर आपलं धावणं 35-40 किलोमीटरवर ठेवा आणि आठवड्यात एकच जोराचा दिवस घ्या. दसऱ्याच्या सुट्टीत हळूहळू वाढवा. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेची कामं लागली की पुन्हा उतरा. दोन्ही शिखरं एकाच महिन्यात गाठायला गेलं की मुलांचा निकालही बिघडतो आणि आपली नडगीही धरते.

हिवाळ्यातला आठवडा कसा बसतो ते बघू. समजा, तुमचे दहा किलोमीटर 40 मिनिटांत होतात, म्हणजे किलोमीटरला 4 मिनिटं. पुढचे गतीचे आकडेही किलोमीटरला मिनिटं:सेकंद असेच आहेत. सोमवारी पूर्ण विश्रांती, कारण रविवारी लांब पल्ला झालेला असतो आणि सोमवारी शाळेतही कामं जास्त. मंगळवारी जोराचा सराव. बुधवारी 8 किलोमीटर सावकाश, गुरुवारी 6 किलोमीटर सावकाश आणि 20 मिनिटं ताकदीचे व्यायाम. शुक्रवारी आधी 3 किलोमीटर हलकं, मग 20 ते 25 मिनिटं सलग 4:15-4:20 च्या गतीनं, शेवटी थोडं सावकाश. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा पहाटे धडपडू नका. दुपारनंतर 5 किलोमीटर पुरे. रविवारी 15-16 किलोमीटर, साधारण 5:30 च्या गतीनं. सावकाश म्हणजे खरोखर सावकाश, 5:15 ते 5:45, सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. नवे लोक नेमके इथंच फसतात. बुधवारचं धावणं 4:45 नं करतात, मग शुक्रवारी पाय उचलत नाहीत आणि दोष शाळेला देतात.

मंगळवारची पहाट जरा तपशिलात सांगतो, कारण ती साधली की बाकीचं कोष्टक आपोआप बसतं. कपडे, बूट, घड्याळ रात्रीच बाहेर काढून ठेवा. पावणेपाचला उठून पेलाभर कोमट पाणी आणि एक केळं किंवा दोन-तीन खजूर. पाच-दहाला बाहेर. पंधरा मिनिटं हलकं धावा, मग 80 मीटरचे चार वेग (थोडं अंतर जोरात धावणं) घ्या. त्यानंतर 1000 मीटरच्या पाच फेऱ्या, प्रत्येकी 4 मिनिटांत, मध्ये दोन मिनिटं हलकं धावणं. शेवटी दहा मिनिटं सैल. एकूण तास होतो, सव्वासहाला घरी. पहिली फेरी 3:50 ला आली तर खूश होऊ नका, चौथी 4:10 ला जाणार हे ठरलेलं. आणि तिसरीलाच 4:06 च्या पुढं गेलात तर तिथंच थांबा, हलकं धावत घरी या. रात्री पेपर तपासत जागलेलं शरीर हे सांगत असतं. झोप सहा तासांच्या खाली गेली असेल किंवा उठल्या-उठल्या मोजलेली नाडी रोजच्यापेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल, तर जोराचा सराव बुधवारी ढकला, नाहीतर सोडून द्या. बुडालेला सराव दुसऱ्या दिवशीच्या सरावाला कधीही जोडू नका.

मुलांचा सराव घेताना सगळ्यात महाग पडणारी सवय म्हणजे मुलांबरोबर पळणं. चारची घंटा झाली, अंग थंड, पायात सँडल किंवा चामडी बूट, आणि 'असं पळायचं' म्हणून दाखवायला सर शंभर मीटर झोकून देतात. मांडीच्या मागचा स्नायू असाच ओढला जातो आणि तीन आठवडे जातात. दाखवायचंच असेल तर बूट बदलून, दहा मिनिटं अंग तापवून, 40 मीटर दाखवा. बाकी वेळ शेवटच्या रेषेवर उभं राहून नजर आणि घड्याळ वापरा. चोवीस मुलं आणि एकच घड्याळ असेल तर आठ-आठचे तीन गट करा, तीस-तीस सेकंदांच्या अंतरानं सोडा आणि मूल रेषा ओलांडेल तशी वेळ मोठ्यानं वाचा. नववी-दहावीतलं एखादं पोर वहीत लिहून घेतं. दुसऱ्या गटाच्या वेळेतून 30 सेकंद आणि तिसऱ्याच्या वेळेतून 60 सेकंद नंतर वजा करायचे. ही वही वर्षभर जपा. तालुक्याला कुणाला कुठल्या प्रकारात उतरवायचं, हे तिच्यातच दिसतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांना आठवड्यात तीनच दिवस सराव द्या, त्यातही पळापळीचे खेळ, रिले, 60 ते 80 मीटरचे वेग आणि कधीतरी सहाशेची एक फेरी. एखादं पोर 'सर, पाय दुखालेत' म्हणालं तर कुठं दुखतं ते बोटानं दाखवायला सांगा. सगळी पोटरी दुखत असेल तर दोन दिवसांत जाते. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवून कळवळलं, तर धावणं बंद आणि डॉक्टर. संध्याकाळी सराव सुरू होतो तेव्हा दुपारच्या जेवणाला साडेतीन-चार तास झालेले असतात. मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एक केळं अर्धा तास आधी पोटात गेलं, तर शेवटच्या फेरीत चक्कर येणं बरंचसं थांबतं.

मैदानाची आखणी हा नव्या माणसाचा मोठा घोळ. बहुतेक शाळांत 400 मीटरचा ट्रॅक बसत नाही, 200 चा बसतो. त्याला चार लेनसाठी साधारण 88 बाय 48 मीटर जागा लागते, वर चारी बाजूंनी थोडी मोकळी. दोन सरळ बाजू 40-40 मीटर, उरलेले 120 मीटर दोन अर्धवर्तुळांत. धावण्याच्या रेषेची त्रिज्या 19.10 मीटर येते. आपल्याकडं आतल्या कडेला उंच कट्टा नसतो, नुसती फक्कीची (पांढऱ्या पुडीची) रेषा असते. अशा ठिकाणी अंतर रेषेपासून 20 सेंटिमीटरवर मोजतात, म्हणून सुतळीची त्रिज्या 18.90 मीटर धरायची. आधी 40 बाय 37.80 मीटरचा चौकोन खुंट्या ठोकून आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 55 मीटर 3-4 सेंटिमीटर भरले तर चौकोन काटकोनात आहे. मग 37.80 च्या बाजूच्या बरोबर मध्यावर खुंटी ठोकून अर्धवर्तुळ फिरवा. सुतळी ओली झाली की ताणते, त्यामुळं पावसात मापाची टेपच वापरा.

लेन 1.22 मीटरची घेतली, तर एका पूर्ण फेरीला प्रत्येक लेनचा स्टॅगर, म्हणजे आतल्या लेनपेक्षा पुढं सरकवलेली सुरुवात, 7.67 मीटर येतो. पुस्तकात दुसऱ्या लेनला 7.04 दिलेलं सापडेल. ते कट्टा असलेल्या ट्रॅकसाठी आहे, कारण तिथं पहिली लेन 30 सेंटिमीटरवर मोजतात. फक्कीच्या मैदानावर 7.04 लावलं, तर दुसऱ्या लेनपासून पुढच्या प्रत्येक पोराला 63 सेंटिमीटर जास्त पळावं लागतं. शाळेच्या 200 मीटरला एवढ्या अंतरात नंबर बदलतो. त्या पोरावर तो अन्याय आहे, आणि तो आपल्या टेपमुळं झालेला असतो.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडं तांबडी माती घसरते, पण पाणी लवकर जिरतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडची काळी माती बुटाला चिकटून दोन्ही पाय जड करते, आणि त्या जड पायानं धावलं की गुडघा दुखतो. तिथं मैदान वापसा येईपर्यंत सोडा आणि शाळेचा व्हरांडा वापरा: 25-30 मीटरचे हलके वेग, दोरीवरच्या उड्या एक मिनिट आणि विश्रांती एक मिनिट असं दहा वेळा, पायऱ्या चढणं. उतरताना मात्र चालतच. फरशी ओली असेल तर तेही नको. स्वतःसाठी पावसात चढ सगळ्यांत चांगला. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या रस्त्यावर 50-60 सेकंदांचे आठ चढ घेतले, की ट्रॅक बंद असल्याची खंत राहत नाही. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि दोन जोड आलटून-पालटून घाला. 600 ते 800 किलोमीटरनंतर तळ बसतो, म्हणजे आठवड्याला 50 किलोमीटर पळणाऱ्याचे बूट तीन-चार महिनेच टिकतात.

ऊसतोड सुरू झाली की निपाणी, चिकोडी, हुक्केरी पट्ट्यातल्या रस्त्यांवर पहाटे धावणं धोक्याचं होतं. ट्रॉल्यांना मागं दिवा किंवा चमकपट्टी असेलच, असं नाही. उसाची कांडी बाजूला लोंबत असतात, आणि मागून ओव्हरटेक करणारी गाडी तुमच्या अंगावर येते. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावा. अंगात चमकपट्टीचं जॅकेट हवं, कानात गाणी नकोत. बेळगाव शहरात असाल तर व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखालच्या वाटा किंवा कॅम्पातला रेसकोर्सचा परिसर बरा. महिला शिक्षिकांनी अंधारात एकट्यानं निघण्याऐवजी शाळा सुटल्यावर, मुलांचा सराव सुरू व्हायच्या आधीची 35 मिनिटं आपल्या नावावर धरून ठेवावीत आणि मुख्याध्यापकांना ती वेळ सांगून टाकावी. घरचा डबा, मुलं, सकाळचं पाणी हे सगळं सांभाळून पहाटेचा सराव जमवणाऱ्या बायका आहेत, पण त्यांची झोप साडेपाच तासांवर येते, आणि ते फार दिवस चालत नाही. दम लवकर लागायला लागला, तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

खाण्याचं फार अवडंबर नको. नाचणीची आंबील, ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, अंडी, ताक यांवर आपलं धावणं उत्तम चालतं. फक्त जोराच्या सरावानंतर तासाभरात पोटभर नाश्ता झाला पाहिजे. नुसत्या चहावर पहिला तास घेतला की तिसऱ्या तासाला डोकं धरतं.

मराठी माध्यमातल्या शिक्षकांनी एक काम जूनमध्येच करावं. तालुक्याची परिपत्रकं, प्रवेशअर्ज आणि मैदानावरचा पुकारा बहुतेक कन्नडमध्ये असतो. पोरं तयार असतात, पण पुकारा न कळल्यामुळं स्पर्धा हुकते, आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा बघवत नाही. ओट म्हणजे धावणं, उद्द जिगित लांब उडी, एत्तर जिगित उंच उडी, गुंडू एसेत गोळाफेक. इन्नूरु दोनशे, नान्नूरु चारशे, एंटुनूरु आठशे, साविरद ऐनूरु पंधराशे. फळ्यावर लिहून आठवडाभर रोज म्हणवून घेतलं तरी पुरतं.

निवडणूक, जनगणना, पेपर तपासणी, घरची भाताची सुगी असे आठवडे येणारच. त्या आठवड्यात 25-25 मिनिटांची तीन धावणी ठेवा, त्यातल्या एकात एकेका मिनिटाचे सहा वेग. दहा दिवसांत कमावलेलं फारसं जात नाही. दिवसभर भात कापला असेल तर तो जोराचा दिवस धरा आणि दुसऱ्या दिवशी सावकाशच धावा. शर्यत जवळ असेल तर शेवटच्या दहा दिवसांत किलोमीटर निम्म्यावर आणा, वेग मात्र थोडा राखा. मुलांना घेऊन स्पर्धेला जायचं असेल तर ओओडीचा (शाळेबाहेरच्या कामावर असल्याचा) अर्ज आधी द्या, आणि स्वतःच्या शर्यतीसाठी सीएल (किरकोळ रजा) वेगळी जपून ठेवा. हिवाळ्यात तीन शर्यती बस्स, एकमेकींत किमान तीन आठवडे. कोल्हापूर किंवा गोव्याची रविवारची शर्यत असेल तर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर लगेच निघा, आणि सोमवारचे पहिले दोन तास सहकाऱ्याशी आधीच बदलून घ्या.